ढोमणेचा लाल रस्ता

अविनाश ढोमणे टपरीवर चहा सांगायचा तो सगळ्यांचा एकदम सांगायचा. कोणाला काय हवंय हे विचारायची त्याला कधी गरज वाटली नाही. मला साखर चालत नाही हे मी त्याला ओळख झाली त्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि पुढेही अधूनमधून सांगत राहिलो. तो मान डोलवायचा आणि टपरीवाल्याला म्हणायचा, चार कट, कडक, साखर जरा हात सोडून. मी तो चहा पिऊन टाकत असे, कारण ढोमणेशी वाद घालण्यापेक्षा साखर परवडते.

शहराच्या कडेला वाडीला, अमरावती रोडवर, आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं. मी बुकिंगच्या खिडकीवर बसायचो आणि ढोमणे आतल्या खोलीत ट्रकांचे रूट बघायचा. त्याच्यासमोर एक मोठा स्क्रीन, त्यावर नकाशा, आणि नकाशावर सरपटणारे हिरवे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक ट्रक. ठिपका ठरलेल्या रस्त्यावरून जरा हलला की लाल व्हायचा आणि ढोमणे फोन उचलायचा. “काहून गेला बे तिकडं?” हे त्याचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य ऐकायच्या आत बरेचसे ड्रायव्हर नेटवर्क गेल्याचं सोंग आणायचे. तोंडावर ते त्याला रूट साहेब म्हणत. पाठीमागे सासूबाई म्हणत, आणि मला तेच नाव जास्त योग्य वाटायचं.

कैलास नावाच्या ड्रायव्हरचं प्रकरण तर मी स्वतः पाहिलं. जबलपूरचा माल होता. मनसरच्या अलीकडे रस्ता तुंबला, गाड्यांची रांग लागली. कैलास शहाणा, त्यानं गाडी वळवली, पारशिवनीकडून आतल्या रस्त्यानं काढली आणि पुढे हायवेला लागला. माल वेळेआधी पोचला. पार्टीनं फोन करून कौतुक केलं. ढोमणेनं कैलासकडून लेखी खुलासा मागवला. मी म्हटलं, अरे, माल पोचला ना? तर तो म्हणाला, “पोचला, पण चुकीचा पोचला.” हे वाक्य बोलताना त्याच्या चेहऱ्यावर जराही हसू नव्हतं. खुलासा येईपर्यंत त्यानं कैलासला दुसरी गाडी दिली नाही.

असा माणूस सुट्टीच्या दिवशी काय करत असेल? एखादा झोपला असता. ढोमणे रविवारी दुपारी लोकांना घरी बोलावून पुन्हा तेच करायचा, फक्त ट्रकांच्या जागी माणसं.

त्याला रोलप्लेइंगच्या खेळाचं वेड होतं. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना सांगतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यातला एक गेम मास्टर. तो गोष्ट सांगतो: इथं जंगल आहे, पलीकडे किल्ला आहे, दारात पहारेकरी आहे. बाकीचे एकेक पात्र घेऊन बसतात, कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी चोर, आणि आपलं पात्र काय करतंय ते बोलून दाखवतात. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. पहारेकऱ्याशी लढा, त्याला फितवा, नाहीतर त्याला रामराम करून घरी परत जा, तुमची मर्जी. गोष्ट कुठे जाईल हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं, ही खरी गंमत. ढोमणेला मात्र ठाऊक असायचं. त्यानं फ्लेक्सवाल्याकडून राज्याचा भलामोठा नकाशा छापून आणला होता. मागच्या बाजूला कोणा पुढाऱ्याचे वाढदिवसाचे हात जोडलेले होते, पुढच्या बाजूला कोरडगडचं राज्य. आणि त्या राज्यातून, गावाच्या वेशीपासून सिंहासनापर्यंत, एक जाड लाल रेघ. आम्ही त्या रेघेवरून चालायचं होतं.

तो वाडीतच एका गोदामाच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचा. लग्न केलं नव्हतं. मुलगी बघायला गेला तेव्हा त्यानं तिला पुढच्या दहा वर्षांचा कार्यक्रम सांगितला अशी आमच्या ऑफिसात वदंता होती, आणि ती खोटी असेल असं मला कधी वाटलं नाही. खोलीत एक टेबल, चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक कूलर. कूलरचं तोंड कायम त्याच्या खुर्चीकडे. आम्ही तिघं खेळाडू. मी योद्धा, कारण ढोमणेनं मला योद्धा दिला. शेजारच्या गोदामात सुपरवायझर असलेला राजू भोयर, तो वैद्य. भोयरचं गाव पारशिवनीजवळ, घरची धानाची शेती पेंचच्या कॅनलवर, आणि अंगात खोडी भरपूर. तिसरी शलाका. ती लकडगंजची, वडिलांची लाकूड कापायची आरामशीन, स्वतः फिजिओथेरपिस्ट. इंटरनेटवर शोधत शोधत तिला ढोमणेचा पत्ता लागला होता. ती चोर होती आणि आमच्यात सगळ्यांत चांगली खेळायची.

मी का जायचो असं कोणी विचारेल. रविवारी दुपारी वाडीत दुसरं काय करणार? आणि शलाका आणि भोयर बरोबर असले की ढोमणेच्या गोष्टीचीसुद्धा गंमत व्हायची, भले ती ढोमणेला नको असली तरी.

गोष्ट सुरू झाली की त्याची भाषा बदलायची. ऑफिसात ‘काहून बे’ म्हणणारा माणूस टेबलावर ‘हे पथिकांनो’ म्हणायचा. आवाज पोटातून काढायचा, ‘ण’चा उच्चार जपून करायचा. कोरडगडला शाप लागलेला, वर्षानुवर्षं पाऊस नाही, तलाव आटलेला, नद्या कोरड्या. आम्ही किल्ल्यात जायचं, मरणपंथाला लागलेल्या म्हाताऱ्या राजाला भेटायचं, आणि राजा शेवटचं भाषण करून शाप का लागला ते सांगून प्राण सोडणार. ते भाषण ढोमणेनं स्वतः लिहिलं होतं. पाठ केलं होतं. एकदा ऑफिसच्या जिन्यात तो एकटाच ते म्हणत उभा होता, मी खालून येतोय हे त्याला कळलं नाही. डोळे मिटलेले, एक हात छातीवर. मला हसू आलं आणि मी दोन पायऱ्या मागे सरलो.

या भाषणासाठी त्याचा सगळा खटाटोप होता. आमच्या आधी त्याची दोन मंडळं झाली होती, एक इंजिनिअरिंगच्या पोरांचं, एक चुलत भावंडांचं. दोन्ही फुटली. राजापर्यंत कोणी पोचलंच नाही. आम्ही तिसरे. त्यानं हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि सांगताना जरा दम दिला. कोणीतरी एकदा बसून ते भाषण शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच त्या माणसाला आयुष्यात हवं होतं असं मला वाटतं. मागणी छोटी होती. ती मिळवायची त्याची रीत मात्र अशी होती, की ऐकणारे उरतच नसत.

कारण आम्ही रेघ सोडली की तो पूल पाडायचा. डावीकडच्या जंगलात जाऊ म्हटलं, पूल पडला. मागे गावात जाऊन तलवारीला धार लावून घेऊ म्हटलं, पूल पडला. गावकऱ्यांशी बोलायला गेलो तर एका रविवारी सगळं गावच मुकं निघालं. म्हातारे, बायका, सरपंच, सगळे मुके. भोयर म्हणाला, ग्रामसभा कशी घेत असतील हे लोक? ढोमणेनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

भोयरनं मग त्याचा पुरता निकाल लावला तो असा. आम्ही एका उजाड गावात उभे होतो. ढोमणेनं घसा साफ करून दुष्काळाचं वर्णन केलं, भेगाळलेली भुई, हाडं निघालेली जनावरं वगैरे. भोयरनं सगळं ऐकून घेतलं आणि नकाशावर वाकला. कॅनलवर शेती करणारा माणूस पाणी नाही म्हटलं की आभाळाकडे बघत नाही, वरच्या टोकाकडे बघतो.

“वरच्या अंगाले कोणी गेट बंद केलं असन,” तो म्हणाला. “आमच्याकडं हेच होते. मी नदीच्या कडेनं वर जाऊन राहिलो.”

लाल रेघ खाली किल्ल्याकडे जात होती. ढोमणेनं डोळे मिटले. “पुढे पूल कोसळलेला आहे,” तो पोटातल्या आवाजात म्हणाला.

“नदी कोरडी आहे ना साहेब,” भोयर म्हणाला. “पूल पाहिजे कायले? पायी उतरतो.”

शलाका तोंडावर हात धरून बसली. ढोमणेचा चेहरा लाल झाला. आणि मग त्या माणसानं, ज्याच्या राज्यात वर्षानुवर्षं थेंब पडला नव्हता त्या माणसानं, त्या कोरड्या नदीला पूर आणला. फासा नाही, काही नाही. अचानक डोंगरातून लोंढा आला म्हणाला, आता ओलांडता येणार नाही. भोयरनं शांतपणे खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.

“पाणी आलं,” तो म्हणाला. “मंग दुष्काळ मिटला ना. आता राजाकडं जायचं कायले?”

ढोमणेनं कूलर बंद केला. आजची वेळ संपली, असं म्हणाला. पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा त्यानं जाहीर केलं की तो पूर म्हणजे माया होती, आम्हा तिघांना भास झाला होता. भोयरनं विचारलं, तिघांना एकदम? ढोमणे म्हणाला, हो. एवढा निर्लज्ज कोडगेपणा मी दुसऱ्या कोणात पाहिला नाही. पण त्याच्या मते त्यात कोडगेपणा नव्हताच. चुकीच्या रस्त्यावरून गेलेला माल त्यानं परत आणला होता, इतकंच.

इथपर्यंत हसण्यावारी गेलं. बिनसलं ते बबनवरून.

किल्ल्याच्या बाहेरच्या दारावर एक पहारेकरी होता. ढोमणेच्या बेतात आम्ही त्याला मारायचं होतं. शलाका पुढे गेली आणि तिनं त्याला नाव विचारलं. ढोमणेनं नाव ठरवलं नव्हतं. तो म्हणाला, पहारेकरी. शलाका म्हणाली, आईनं असं नाव ठेवलं नसेल. तिनं स्वतःच त्याचं नाव बबन ठेवलं. मग तिनं त्याला विचारलं, राजा आजारी असताना पगार मिळतो का, ड्युटी किती वेळाची, जेवलास का. फासे तिच्या बाजूनं पडत गेले आणि ढोमणेला उत्तरं द्यावी लागली. आणि नवल म्हणजे बबनची उत्तरं चांगली होती. तो अंधाराला भितो, त्याला पोहता येतं पण तलाव आटला, तो दाराशी उभा राहून मनात पोहत असतो. हे ढोमणेच्या तोंडून आलं. घाईत आलं, पोटातला आवाज विसरून साध्या आवाजात आलं. माझ्या मते त्या सगळ्या राज्यात त्यानं निर्माण केलेला तेवढा एकच जिवंत माणूस. बबननं दार उघडून दिलं आणि तो आमच्याबरोबर निघाला. पुढचे काही रविवार आम्ही बबनला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नव्हतो, आणि बबन अर्थातच आम्हाला आटलेल्या तलावाकडे नेत होता, रेघेपासून लांब.

ढोमणेला हे सहन होईना. टेबलावर शलाका हसून बबनशी बोलायला लागली की त्याच्या कपाळावर आठी पडायची. स्वतःच्याच तोंडून निघालेल्या माणसाचा मत्सर करणारा असा इसम मी एकच पाहिला. एका रविवारी आम्ही बसतोय तोच त्यानं सांगितलं, रात्री तुम्ही परत येऊन किल्ल्याच्या देवडीत झोपला असताना छताची तुळई कोसळली आणि पहारेकरी मेला. नावसुद्धा घेतलं नाही. मग लगेच म्हणाला, तर पथिकांनो, समोर किल्ल्याचा आतला चौक आहे.

शलाकानं हातातला फासा खाली ठेवला. “मी त्याच्या घरी सांगायला जाते,” ती म्हणाली.

“त्याले घर नाही,” ढोमणे म्हणाला. रागात तो आपली टेबलावरची भाषा विसरला होता. “आई नाही, कोणी नाही. पुढं चाल.”

ती पुढे चालली नाही. तिनं पर्स उचलली, आम्हा दोघांना येते म्हणाली आणि जिना उतरली. नंतर दोन-तीन रविवार ती आलीच नाही. भोयर आणि मी जायचो, पण दोघांत खेळ कसला. ढोमणे नकाशा पसरायचा, चौकाचं वर्णन करायचा, आणि आमची नजर रिकाम्या खुर्चीकडे गेली की जास्त मोठ्यानं बोलायचा. तिसरं मंडळही फुटत होतं आणि किल्ल्याचा चौक ओलांडला की पुढे सिंहासनच होतं. ऑफिसात तो खिडकीशी आला आणि मला म्हणाला, “शलाकाले सांगजो, रविवारी येजो म्हणा. राजा आता जवळच आहे.” चूक झाली, वाईट वाटलं, असा एक शब्द नाही. त्याच्या आवाजात मात्र विनवणी होती, तो कितीही हुकूम सोडल्यासारखं बोलला तरी. मला त्याची दया आली असं म्हणणार नाही. कीव आली, आणि तीही थोडीच.

मी शलाकाला फोन केला. तिला हैदराबादला नोकरी लागली होती, महिनाअखेर जायचं होतं. ढोमणेचा निरोप तिनं ऐकून घेतला. मग म्हणाली, येते एकदा. त्यांचं ते भाषण एकदाचं ऐकून टाकू. पण एक करायचं, ते जे सांगतील त्याला हो म्हणायचं. कोणीही काही वेगळं करायचं नाही. मी भोयरला सांगितलं. त्याला वाटलं ही थट्टा आहे. मला वाटतं शलाकाला ती थट्टा वाटत नव्हती. मला त्यात काही गैर दिसलं नाही, आजही दिसत नाही. ज्याला जे हवं ते त्याला द्यायचं ठरलं होतं.

त्या रविवारी ढोमणेनं पोहे मागवून ठेवले होते, वरून घालायची झणझणीत तर्री वेगळी, डब्यात. शलाका आली तेव्हा त्यानं तिची खुर्ची पुढे सरकवली आणि कूलरचं तोंडही तिच्याकडे वळवलं. ती थँक्यू म्हणाली आणि बसली.

आम्ही चौकात उभे होतो. पुढे जायचं का? हो. समोरच्या पायऱ्या चढायच्या का? चढतो. दारावरचं कुलूप शलाका उघडते ना? उघडते. फासा टाकला, पडला तो पडला. आम्ही शाळेतल्या हजेरीसारखं हो म्हणत होतो. पहिल्यांदा ढोमणे खुलला. त्याचा आवाज इतका पोटातून आला की खालच्या गोदामातले हमाल वर बघत असतील. बोट लाल रेघेवरून पुढे सरकत होतं आणि कुठेही अडत नव्हतं. वर्षानुवर्षं जे त्याला साधलं नव्हतं ते पोहे गार व्हायच्या आत साधत होतं.

मग तो जरा थांबला. आमच्याकडे बघू लागला. म्हणाला, इथं डावीकडे एक दार आहे, आतून कोणाच्या तरी गाण्याचा आवाज येतोय.

हे त्याच्या बेतात नव्हतं. रेघेच्या डावीकडे नकाशावर नुसता करडा रंग होता. भोयरनंही ते पाहिलं.

“असू द्या,” भोयर म्हणाला. “आपण सरळ जाऊ.”

थोडं पुढे गेल्यावर ढोमणे म्हणाला, खिडकीतून खाली तलाव दिसतोय, तळाशी काहीतरी चमकतंय. शलाका म्हणाली, छान आहे, पुढे चला. मग भिंतीत एक भगदाड आलं. मग एक मांजर आली आणि उजवीकडे पळाली. तो एकामागून एक आडवाटा काढत होता, आणि आम्ही एकेक ओलांडत होतो. त्याच्या कपाळावर घाम होता, कूलर आता त्याच्याकडे नव्हता.

सिंहासनाशी आम्ही पोचलो. राजा बोलायला लागला. ढोमणेनं डोळे मिटले, हात छातीवर ठेवला, आणि भाषण सुरू केलं. खरं सांगायचं तर भाषण वाईट नव्हतं. जरा लांब होतं, दोन-तीन ठिकाणी खोटं वाटत होतं, पण एका म्हाताऱ्यानं भीतीपोटी आपल्या राज्याचे सगळे रस्ते कसे बंद केले, असं काहीसं त्यात होतं. आम्ही शांत बसून ऐकत होतो. कोणी मोबाइल बघितला नाही. असे श्रोते त्याला आयुष्यात मिळाले नव्हते.

मध्येच त्यानं डोळे उघडले. वाक्य अर्धंच राहिलं.

“काही बोला ना गा कोणी,” तो म्हणाला.

“नाही साहेब, तुम्ही सांगा,” भोयर म्हणाला. “आम्ही ऐकून राहिलो.”

त्यानं शलाकाकडे बघितलं. तिनं मान हलवली, सांगा अशी. मग त्यानं उरलेलं भाषण संपवलं. या वेळी डोळे मिटले नाहीत, आवाजही साधाच होता, आणि बराच भरभर. राजा मेला. शलाका म्हणाली, छान झालं, सर. मीही म्हणालो, छान झालं. भोयरनं उरलेले पोहे संपवले. फासे डबीत गेले, आम्ही हेल्मेटं उचलली. शलाकानं त्याला हैदराबादचं सांगितलं. त्यानं अभिनंदन केलं, तिकडे ऊन असतं म्हणाला, पाण्याची बाटली जवळ ठेवत जा म्हणाला.

पुढे थोड्याच दिवसांत मी ती नोकरी सोडली, त्यामुळे ढोमणेला नीट पाहिलं ते त्या दुपारी शेवटचं. आम्ही तिघं जिना उतरून खाली आलो होतो. शलाकानं स्कूटीला किल्ली लावली. तो वर दाराशी आला, कठड्याला दोन्ही हात लावून उभा राहिला. तोंडावर ऊन आल्यानं त्याला आम्ही नीट दिसत नसणार, तो डोळे बारीक करून खाली बघत होता.

“राजा तर मेला,” तो वरून म्हणाला. “मंग आता तुम्ही कुठं जाता?”

उत्तर आधीच ठाऊक नसताना त्यानं कोणाला विचारलेला तो पहिला प्रश्न असावा. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

“घरी, साहेब,” भोयर म्हणाला, आणि शलाकानं स्कूटी सुरू केली.